लपलेल्याच्या शोधात निघालेला देव

कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांचा खून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी झाला. उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत. देवास जिल्ह्यातल्या गरीब शेतमजुरांना त्यांनी सावकारीच्या कचाट्यातून बाहेर काढायला सुरुवात केली होती, तेच काहींना खुपले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. पुढे २००२ मध्ये, राखीच्या दिवसांत, त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी मृत सिस्टरच्या घरच्यांनीच अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारिया यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा हा प्रसंग पुन्हा सगळीकडे सांगितला गेला.

इतके मोठे मन कुठून येते, असे लोक विचारतात. सिस्टर सेल्मींचा मोठेपणा आहेच, पण तुरुंगापर्यंत जाणारी ती वाट त्यांच्या श्रद्धेत फार पूर्वीपासून पडलेली आहे.

तिची सुरुवात बायबलच्या पहिल्याच पुस्तकात सापडते. आज्ञा मोडल्यावर आदाम आणि हव्वा अंजिराची पाने शिवून अंग झाकतात आणि बागेतल्या झाडांमध्ये लपतात. देव हाक मारतो, "तू कोठे आहेस?" अजून कुणी चूक कबूल केलेली नाही, क्षमा मागितलेली नाही, तरी हाक आधी येते. शिक्षा टळत नाही, बाग सोडावीच लागते. पण बाहेर काढण्यापूर्वी देव त्यांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. हा तपशील प्रवचनांत बहुधा निसटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याच्या उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी येते, "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतरचा. इस्राएल लोक बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात असताना यहेज्केल संदेष्ट्याने देवाच्या तोंडून सांगितले की, आपली मेंढरे मी स्वतः शोधीन. येशूने तोच धागा उचलला. पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, कुरकुरले, तेव्हा त्याने शंभरातले एक हरवलेले मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली.

मग येशूचा शिष्य पेत्र. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना त्याने अटक झालेल्या येशूशी असलेली ओळख तीनदा नाकारली. येशू मरणातून पुन्हा उठल्यानंतरचा निरोप शिष्यांसाठी होता, पण मार्काच्या शुभवर्तमानात पेत्राचे नाव त्यात वेगळे घेतले आहे. नंतर पेत्र जुन्या जाळ्यांकडे, गालीलच्या सरोवरावर परत गेला. पहाटे येशू काठावर उभा, शेजारी पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. जेवण झाल्यावर त्याने पेत्राला तीनदा एकच विचारले, "तू माझ्यावर प्रेम करतोस का?" झाल्या प्रकाराचा जाब त्याने मागितलाच नाही.

पहिले पाऊल देवाचे की माणसाचे, यावर पुढे चर्चमध्ये मोठा वाद झाला. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाकडे वळू शकतो, असे पेलागियस हा धर्मशिक्षक मानत असे. वळण्याची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच जागी होते, हे बिशप ऑगस्टीनचे (३५४–४३०) म्हणणे. ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने कौल दिला, की श्रद्धेचा आरंभही कृपेचेच काम आहे.

मराठी माणसाला देव भक्तासाठी धावून येतो हे नवे नव्हतेच. विठोबा दामाजीपंतांसाठी महार होऊन बेदरला गेला, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण शोधणाऱ्या देवाचा हा विचार मराठीत कुणी अंगमेहनतीने जगून दाखवला असेल, तर पंडिता रमाबाईंनी. दुष्काळात आई-वडील गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवांना शोधून घेऊन आल्या. समाजाने 'पतित' ठरवलेल्या, तोंड लपवून जगणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी केडगावला वेगळे घर उघडले. त्याचे नाव त्यांनी कृपासदन ठेवले.