बी पेरून नाशपाती मिळत नाही

पावसाळ्यात आपल्या कॉटन मार्केटमध्ये उत्तरेकडून नाशपाती येते. तिचं बी पेरलं तर रोप उगवेल, पण नागपूरच्या उन्हात ते जगलं तरी फळ त्याच चवीचं येणार नाही. नाशपातीच्या फुलाला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत, दुसऱ्या वाणाचे लागतात. त्यामुळे प्रत्येक बी हा नवाच संकर. इंग्लंडमध्ये 1770 च्या सुमारास उगवलेलं एक रोप पुढे 'विल्यम्स' आणि अमेरिकेत 'बार्टलेट' म्हणून गाजलं. आज या वाणाची जगभर जेवढी झाडं आहेत, ती सगळी त्या एकाच रोपाची, कलमावर कलम करत आलेली.

म्हणून 2008 साली नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर सुरू झालेल्या बीज-तिजोरीत, उणे 18 अंशांत, धान-गहू सुखात राहतो, नाशपातीचे वाण नाहीत. त्यांची जनुकपेढी, म्हणजे वाण जपून ठेवायची जागा, ही चक्क बाग. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या कॉर्व्हॅलिसला असा मोठा संग्रह आहे. पण बागेला रोग लागतो. 'फायर ब्लाइट'चे जिवाणू फांद्या होरपळल्यासारख्या काळ्या करतात. कधी माणूसच उठतो: रशियात पाव्लोव्स्कच्या फळसंग्रहाची जमीन 2010 मध्ये घरं बांधायला देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना ओरड करावी लागली. हजारो झाडं काही रातोरात हलवता येत नाहीत.

यावर दुसरी सोय द्रव नायट्रोजनची. फांदीच्या टोकाचा जेमतेम मिलिमीटरभर कोंब काढतात, साखर आणि ग्लिसरॉलसारख्या द्रावणांत ठेवून त्यातलं पाणी ओढून घेतात आणि मग उणे 196 अंशांत बुडवतात. पाणी राहिलं तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. सगळी कसरत तेवढ्यासाठी. वर्षांनंतर तोच कोंब काढून परत झाड करता येतं.

चोकबेरीची तऱ्हा वेगळी. मूळची उत्तर अमेरिकेची ही काळी बेरी कच्च्या जांभळासारखी तोंड आवळते. रशियात मिचुरिन या फळवाण-संशोधकाने तिला फळबागेत आणलं. लागवडीतल्या चोकबेरीत बी बहुधा परागाविनाच, आईची नक्कल म्हणून तयार होतं. पेरायला सोपं, पण सगळी झाडं एकसारखी. संग्रहात खरी किंमत रानातल्या वेगवेगळ्या झुडपांना.

हे वाचून विदर्भातल्या संत्रेवाल्याला आपली बाग आठवेल. नागपुरी संत्र्याच्या एका बियेतून अनेक रोपं येतात आणि त्यांतली बरीचशी आईसारखीच असतात. तरी शेतकरी बियेच्या झाडाच्या नादी लागत नाही, कारण ते काटेरी होतं आणि फळाला फार वर्षं लावतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजना घाटाच्या पन्हेरीत (रोपवाटिकेत) जंबेरी या रानटी लिंबाचा पेन्सिलीएवढा खुंट घेतात, सालीला टी आकाराची चीर देतात, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंबाची कळी, सरकवून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. डोळा जमिनीपासून वीतभर वर बांधतात, नाहीतर ओल्या मातीतून डिंक्या रोग चढतो.

लिंबूवर्गातल्या बऱ्याच जातींचं बी सुकवणं-गोठवणं सोसत नाही, त्यामुळे इथेही बी साठवून भागत नाही. मेघालयात गारो टेकड्यांमधल्या नोक्रेकला रानटी संत्र्यासाठी जंगलच राखलं आहे. आणि आपल्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निवडलेल्या 'नागपूर सीडलेस' संत्र्याला तर साठवायला बीच नाही. ते राहील ते मातृवृक्षाच्या डोळ्यातच, आणि तो डोळा रोगमुक्त झाडावरून काढला तरच.