करामत हरवली की जोखीम?

हल्लीच्या फुटबॉलमध्ये पूर्वीची मजा नाही, असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो: करामत आणि जोखीम. स्टेपओव्हर (चेंडूवरून पाय फिरवून दिलेली हूल), रबोना (एक पाय दुसऱ्याच्या मागून नेऊन मारलेला चेंडू), टाचेने दिलेला पास ही करामत. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ शकतो हे ठाऊक असूनही केलेला प्रयत्न ही जोखीम. दोन्ही बरेचदा एकाच खेळाडूत दिसतात, म्हणून हा घोळ होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये शेरिफ तिरास्पोलविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या अँटनीने चेंडू पायाला चिकटवून स्वतःभोवती गिरक्या घेतल्या. त्याने कुणीही चकलं नाही, आणि पुढचा पास थेट मैदानाबाहेर गेला. ही करामत होती, पण तिच्यात जोखीम नव्हती. याउलट मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर केविन डी ब्रायना. त्याच्या खेळात नखरा जवळपास शून्य. उजव्या बाजूने तो बचावफळी आणि गोलकीपर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत चेंडू जोरात सोडायचा. त्यातले कित्येक चेंडू अडवले जायचे, तरी पुढच्या वेळी तो तेच करायचा. २०१९-२० च्या प्रीमियर लीगमध्ये त्याने २० असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) देऊन थिएरी ऑन्रीच्या विक्रमाची बरोबरी केली, ती या हट्टामुळेच.

माझं मत स्पष्ट आहे: कौशल्य कुठेही आटलेलं नाही. आज सेंटर-बॅकसुद्धा (मधले बचावपटू) दडपणाखाली जो फर्स्ट टच घेतात, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात जसा ताब्यात घेतात, तो पूर्वी मिडफिल्डरकडूनही क्वचितच अपेक्षित असायचा. आटली आहे ती चेंडू गमावण्याची मुभा.

विंगरकडे, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूकडे पाहा. टचलाइनवर चेंडू मिळतो, समोर फुल-बॅक (कडेचा बचावपटू), आणि त्याच्या मदतीला दुसरा धावत येतोय. विंगर तळव्याखाली चेंडू थांबवतो, मान वर करतो आणि मागे पास देतो. त्याला ड्रिबल येत नाही असं नाही. पण त्याचे सहकारी हल्ल्यासाठी पुढे सरकलेले असतात; या क्षणी चेंडू गेला तर प्रतिस्पर्ध्याला मागे मोकळं रान मिळतं, आणि प्रेसिंगच्या (चेंडू हिसकावायला सतत अंगावर जाण्याच्या) जमान्यात प्रतिस्पर्धी धावायला तयारच असतो. प्रशिक्षकाची भीती खोटी नाही, हेही मान्य करायला हवं.

जॅक ग्रीलिश याचं ठळक उदाहरण. ॲस्टन व्हिलात तो बचावपटूंच्या अंगावर धावून जायचा. २०२१ मध्ये १० कोटी पौंडांना मँचेस्टर सिटीत गेल्यावर तो चेंडू राखणारा, खेळाचा वेग आवरणारा खेळाडू झाला. सिटीच्या २०२३ च्या तिहेरी विजेतेपदात (प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग) त्याचा मोठा वाटा होता. पाय तेच होते, काम बदललं होतं. संघाला फायदा झाला. प्रेक्षक म्हणून मला मात्र जुना ग्रीलिश हवा होता.

आणि करामत व जोखीम दोन्ही जुळून येतात तेव्हा? १९७४ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध नेदरलँड्सच्या योहान क्रॉयफने क्रॉसचा आव आणला, चेंडू स्वतःच्याच पायामागून ओढला आणि स्वीडनचा बचावपटू यान ओल्सन भलत्याच दिशेला गेला. सामना ०-० सुटला, पण ते वळण आजही मुलं शिकतात. युरो २०२४ च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध स्पेनच्या १६ वर्षांच्या लामिन यमालने बॉक्सबाहेर समोरच्याला हुलकावणी दिली आणि डाव्या पायाने चेंडू दूरच्या खांबाला लावून आत वळवला. तेव्हा स्पेन ०-१ ने मागे होता.