मूठ आवळा, श्वास मात्र चालू ठेवा
मऊ रबरी चेंडू हातात घ्या आणि दोन मिनिटं दाबून धरा. सगळा जोर लावायचा नाही, आपल्या ताकदीच्या साधारण तिसरा हिस्सा पुरे. सुरुवातीला काहीच वाटत नाही. मग हळूहळू मनगट ते कोपर भरून येतं, थरथर सुरू होते, बोटांची पेरं पांढरी पडतात. मूठ सोडली की तळव्यावर लाली चढते, हात उबदार लागतो. बीपी उतरवणाऱ्या या व्यायामाचं बरंचसं मर्म त्या लालीत आहे.

स्नायू ताणलेला, पण सांधा जागचा हलत नाही, तो आयसोमेट्रिक व्यायाम. आवळलेला स्नायू आपल्यातल्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त अडतं आणि मूठ सुटताच जोरात आत शिरतं. त्या प्रवाहाच्या घासण्यानं वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, वाहिनी सैलावते. वयपरत्वे धमन्या ताठर होऊन बीपीचा वरचा आकडा चढत जातो, म्हणून साठीनंतर हे सैलावणं मला फार मोलाचं वाटतं.

२०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’नं २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. आयसोमेट्रिक व्यायामानं वरचा आकडा सरासरी ८ नं उतरला, खालचा ४ नं. चालणं-धावणं अशा एरोबिक व्यायामानं वरचा साडेचारच्या आसपास. म्हणून कुणी चालणं सोडू नये, त्याचे फायदे वेगळे आहेत. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसण्याचा व्यायाम या आढाव्यात वरचढ ठरला, पण दुखऱ्या गुडघ्यांना तो झेपत नाही. मूठ मात्र खुर्चीत बसूनही आवळता येते: दोन-दोन मिनिटं चार वेळा, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. फरक दिसायला आठ-दहा आठवडे लागतात.

धोका आहे तो श्वास रोखण्यात. मूठ आवळलेली असताना बीपी तात्पुरतं वाढतंच, त्यात दम कोंडला तर ते भलतंच उसळतं. १९८५ साली श्वास रोखून पायांनी अवजड वजन ढकलणाऱ्या एका तरण्याबांड माणसाचं बीपी ४८०/३५० मोजलं गेलं होतं. तेव्हा सेकंद मोठ्यानं मोजत राहा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. बीपी आटोक्यात नसेल, हृदयाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आकडा उतरला तरी गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. मोजमापांची वही त्यांना दाखवा, डोस ते ठरवतील.