रंगाच्या आधी वाफ

घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळून संपतो तेव्हा त्यातून जवळपास २२ लिटर पाणी तयार झालेलं असतं. वाफ होऊन शेगडीवरून निघून जातं, म्हणून ते दिसत नाही. ते जातं भिंतीकडे, छताकडे आणि ओट्यावरच्या कपाटांमागच्या फटीत. छोटं स्वयंपाकघर कमी खर्चात नवं करायचं, त्यातच जेवायचं टेबलही बसवायचं, तर रंगाचं शेडकार्ड उघडण्याआधी या २२ लिटरांची सोय लावावी.

सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. जळताना त्यांच्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि किलोभर गॅसमागे दीड किलोहून थोडं जास्त पाणी बनतं. पाइपच्या गॅसमध्ये मिथेन असतो, आणि त्यात कार्बनच्या मानाने हायड्रोजन जास्त. त्यामुळे तेवढीच उष्णता मिळवताना वाफ साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त निघते. पाइपचा गॅस आल्यापासून भिंतींना ओल धरते, अशी तक्रार कुणी केली तर ती हसण्यावारी नेऊ नये.

आता हिशेब करू. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत किंवा नवी मुंबईत नेरूळ-वाशीच्या सिडकोच्या छोट्या घरात ८० चौरस फुटांचं, ९ फूट उंचीचं स्वयंपाकघर धरा. त्यात सुमारे २० घनमीटर हवा मावते. जुलैत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असणं ठाण्याला नवं नाही. २८ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ पेलते आणि २३ ग्रॅम तिच्यात आधीच असते. उरली जागा चार ग्रॅमची, म्हणजे अख्ख्या खोलीत ८० ग्रॅम. अर्धा कप पाणीसुद्धा नाही! सिलिंडर ४० दिवस पुरत असेल तर रोज नुसत्या ज्योतीतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी येतं. भाताची, वरणाची, चहाची वाफ आणखी वेगळी. खिडक्या-दारं बंद असतील तर सकाळचे डबे भरून होईपर्यंत हवेची मर्यादा संपते.

अशा हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एखादी भिंत खोलीपेक्षा तीनच अंशांनी थंड असली तरी तिच्यावर पाणी धरतं. पावसाने भिजलेली बाहेरची भिंत सहज तेवढी थंड असते, आणि कपाटामागे हवा खेळत नसल्याने ती ओल सुकत नाही. बुरशीला तर पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तिचं भागतं. भिंतीला चिकटवायचे रंगीबेरंगी पीव्हीसीचे कागद स्वस्त आणि देखणे असतात खरे, पण ओल्या भिंतीवर लावले तर त्यांच्यामागे बुरशीची शेतीच होते.

म्हणून पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च एक्झॉस्ट फॅनचा. २० घनमीटरची खोली साध्या फॅननेही काही मिनिटांत रिकामी होते, पण फॅन जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते. फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि शेगडीवरची वाफ जागची हलत नाही. हवा समोरच्या बाजूने, हॉलच्या दारातून यायला हवी. आणि बिनपाइपाची चिमणी घेताना एक लक्षात ठेवा: तिच्यातला कोळशाचा फिल्टर वास धरतो, जाळी तेल धरते, वाफ मात्र जशीच्या तशी खोलीत परत येते.

भिंतीची ओल आतून आहे की बाहेरून, हे ओळखायला फुटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावं. पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर तो आपल्याच स्वयंपाकाचा प्रताप. भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय: वरच्या मजल्याची गळती, नाहीतर बाहेरच्या प्लास्टरला गेलेला तडा. अशाच भिंतीवर लोणा फुटतो. पाणी आतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक वाढताना रंगाचे पोपडे काढतात. इथे कितीही महाग रंग लावा, गळती थांबेपर्यंत पैसे पाण्यातच.

रंगातही फरक आहे. ऑइल पेंटचा थर वाफेला जवळजवळ वाट देत नाही, त्यामुळे आत अडकलेली ओल त्याला फुगवते. अॅक्रिलिक इमल्शन थोडी वाट देतं, चुना सर्वांत जास्त. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या पुढे, म्हणजे तो तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि ही धार बोथट होते, म्हणून अधूनमधून नवा हात द्यावा लागतो. तो कपड्यांना लागतो, तेव्हा टेबलाशेजारच्या भिंतीला नको. छताला मात्र अजूनही मी चुनाच सुचवेन, आणि पांढराच. पांढरं छत प्रकाशाचा मोठा भाग परत खाली पाठवतं, दिवा एकच असला तरी.

टाइल्सवरच्या चिकट पिवळ्या थराची गंमत निराळी. सूर्यफूल, सोयाबीन या तेलांचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांत गुंफले जातात आणि थर कडक होतो. जवसाच्या तेलात ही क्रिया आणखी जोरात होते, म्हणून तर पारंपरिक ऑइल पेंट जवसाच्या तेलात बनायचा. आपण रोज फोडणी करतो तेव्हा टाइल्सना नकळत रंगच देत असतो! हा थर भांड्यांच्या साबणाला दाद देत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा कालवून थोडा वेळ लावून ठेवला की त्याची पकड सैल होते. हातमोजे घालावेत, आणि अॅल्युमिनियमला तो लावू नये. टाइल्स बदलायला निघालेल्या अनेकांचं काम एवढ्यावर भागू शकतं.

भिंतीला दुमडणारं टेबल करून घेताना सुतार पार्टिकल बोर्ड सुचवेल, कारण ते स्वस्त असतं. त्यातला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक उष्ण दमट हवेत हळूहळू तुटतो आणि बोर्ड कडांपासून फुगतो. इथे दोन पैसे जास्त गेले तरी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं, त्याचा फिनॉलिक डिंक पाण्याला टिकतो. कडा सगळ्या बंद करून घ्याव्यात, खालचीसुद्धा, कारण ओल तिथूनच शिरते.

राहिला मुहूर्त. आपल्याकडे रंगकाम काढायचं ते गणपतीच्या आधी, म्हणजे प्लास्टर सर्वांत ओलं असताना. दिवाळीला वरून कोरडं वाटलं तरी आत पावसाळा मुरलेला असू शकतो. रंगाऱ्याला फेब्रुवारी ते मे या काळात बोलवावं. गणपतीला पाहुणे येणारच असतील तर तोवर फॅन बसवून, टाइल्स घासून आणि टेबल लावून होईल.