इंग्लंडमधील सराईचालक पूर्वजाचा शोध

प्रवाशांना मुक्काम, जेवण, बिअर आणि घोड्यांना तबेला पुरवणारा इंग्लंडमधील सराईचालक जुन्या कागदपत्रांतून शोधून काढणे, ही वंशावळ-संशोधनाची एक शाखा आहे. चर्चच्या वह्यांतून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन कळते. त्याचा धंदा, घर आणि ऐपत यांसाठी मात्र मृत्युपत्रे आणि मिळकतीचे दस्तऐवज पाहावे लागतात.

शोधाची सुरुवात शक्यतो सराईच्या पाटीपासून करावी. चालक येत-जात, आडनावाचे स्पेलिंग कारकुनागणिक बदले, पण पाटी अनेकदा पिढ्यानपिढ्या टिके. घरांना क्रमांक नसल्याने खरेदीखतात आणि गहाणखतात मिळकतीची ओळख पाटीच्या नावानेच लिहीत. यॉर्कशरच्या तीन विभागांत आणि मिडलसेक्समध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा खतांच्या नोंदणी-कचेऱ्या निघाल्या. इतरत्र खते खासगी दप्तरांत विखुरलेली आहेत. सराई कॉपीहोल्ड पद्धतीच्या जमिनीवर असेल तर शोध पुष्कळ सोपा होतो. अशी मिळकत मॅनरच्या, म्हणजे स्थानिक जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायसभेतच हस्तांतरित होई, त्यामुळे वारसाच्या नावे ती चढताना मृताचे नाव आणि बहुधा दोघांचे नातेही लिहिले जाई. १७३३ पर्यंत या नोंदी सहसा लॅटिनमध्ये असत.

१२ जानेवारी १८५८ पूर्वी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. एकाहून अधिक बिशपक्षेत्रांत लक्षणीय चीजवस्तू असल्यास प्रकरण कँटरबरी किंवा यॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाकडे जाई. मृत्युपत्रासोबत चीजवस्तूंची यादी मिळाली, तर तिच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. मूल्यमापन करणारे खोलीखोलीतून फिरत आणि बिछाने, कथलाची भांडी, तळघरातली पिंपे, बिअर गाळण्याची सामग्री, येणे बाकी असे सारे टिपत. सराई केवढी होती, हे बिछान्यांवरून कळते. भाडेपट्टा जंगम मालात धरला जाई, मालकी हक्काची जमीन मात्र यादीत येत नसे. म्हणून यादीत घर दिसले नाही एवढ्यावरून चालकाला निर्धन ठरवू नये.

सराई पुष्कळदा विधवेच्या हाती जाई, आणि तिने पुन्हा लग्न केले की आडनावावरून चाललेला शोध तिथेच थांबे. हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले त्या जॉन हार्वर्डचे कूळ हे याचे ठळक उदाहरण. त्याचे वडील रॉबर्ट, लंडनलगतच्या सदर्कमधील खाटीक, १६२५ च्या प्लेगात वारले. आई कॅथरिनने पुढे आणखी दोन लग्ने केली आणि तिचे मृत्युपत्र यीअरवुड या शेवटच्या आडनावाने नोंदले गेले. सदर्कमधील 'क्वीन्स हेड' ही सराई या कुटुंबाकडे होती. १८८० च्या दशकात अमेरिकन संशोधक हेन्री वॉटर्स यांनी अशी अनेक मृत्युपत्रे एकमेकांशी जुळवून हार्वर्डचे मूळ सिद्ध केले.

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखांत एका वर्षाचा घोळ होतो. दारूविक्रीच्या परवान्यासाठी चालकाने दिलेल्या जामीनकतब्यांच्या १७५३ ते १८२८ मधील नोंदवह्याही उपयोगी पडतात, पण त्या सर्व परगण्यांत टिकलेल्या नाहीत. डेव्हन परगण्याची बहुतेक मूळ मृत्युपत्रे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटर येथे जळाली. तिथल्या सराईचालकासाठी मिळकतीची खते आणि १८१२ नंतर करखात्याकडे गेलेल्या मृत्युपत्रांच्या नकला हाच मुख्य आधार उरतो.