तेलवाल्यांची गरम पाण्याची विहीर

फेब्रुवारी २०२५ मध्ये ओएनजीसी आणि एनटीपीसी यांच्या संयुक्त कंपनीने ‘अयाना’ ही अक्षय ऊर्जा कंपनी सुमारे १९,५०० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, तेव्हा सरकारी तेल कंपनी आता भविष्यातील ऊर्जेकडे वळली, अशी बरीच चर्चा झाली. व्यवहार मोठा आहेच. पण तयार सौर प्रकल्प विकत घ्यायला तेल काढण्याचा अनुभव लागत नाही, पैसा लागतो. तो अनुभव खऱ्या अर्थाने पणाला लागला आहे तो ओएनजीसीच्या एका चिमुकल्या प्रकल्पात. लडाखमधील पुगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, भूगर्भातील उष्णतेपासून १ मेगावॉट वीज निर्माण करण्याचा हा प्रयत्न असून त्याचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला.

भारतीय भूपट्ट आशियाला जिथे भिडला, त्या सांध्याजवळ हे खोरे आहे. तिथे जमिनीतून कढत पाणी उसळते आणि आजूबाजूला पिवळे गंधक व पांढरा टाकणखार साचलेला दिसतो. गंधकामुळे पाणी तापते, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही घट्ट आहे. वस्तुस्थिती उलट आहे: पाणी तापते ते खोलवरच्या तप्त खडकांमुळे, आणि त्याच्याबरोबर निघालेले वायू गंधक वर आणून सोडतात. अशा प्रत्येक कुंडाला दैवी औषध मानणाऱ्यांनी पुग्याच्या पाण्यात बोरॉन (टाकणखारातले मूलद्रव्य, अती झाले तर अपायकारक) किती आहे, हेही एकदा पाहावे.

मला यातील सर्वांत मोह पडतो तो उकळण्याच्या गणिताचा. पुग्याला हवेचा दाब इतका कमी आहे की पाणी साधारण ८५ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे तिथल्या झऱ्यांचे तापमान ८४ अंशांच्या आसपास अडते आणि खाली किती उष्णता दडली आहे, ते पृष्ठभागावरून कळत नाही. मात्र १०० मीटर खोलीवर वरच्या पाण्याच्या वजनामुळे दाब समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट होतो, आणि त्या दाबाखाली १७५ अंशांचे पाणीही न उकळता द्रवरूपच राहते. विहिरीवाटे ते वर येऊ लागले की दाब उतरतो, आणि पाणी बाहेरून उष्णता न घेता, स्वतःचीच उष्णता खर्चून उकळू लागते. पुग्याच्या हवेत पोचेपर्यंत त्याच्या वस्तुमानाचा साधारण सहावा हिस्सा वाफ झालेला असतो, आणि एक किलो वाफेला तिथे अडीच घनमीटरांहून अधिक जागा लागते. वाफेच्या बुडबुड्यांनी विहिरीतील स्तंभ हलका होतो, त्यामुळे तळाशी दाब आणखी घटतो, आणखी पाणी उकळते. अशा रीतीने विहीर पंपाशिवाय स्वतःच वाहू लागते.

तेलाच्या विहिरीतही तेलात विरघळलेला वायू असाच सुटून तेलाला वर उचलतो, आणि तो अनावर झाला की स्फोटासारखा उसळतो. विहिरीत पोलादी नळ उतरवून त्याभोवती सिमेंट भरणे, खणताना जड चिखलाने दाब आवरणे, तोंडाशी झडपा बसवणे, ही विद्या तेलवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. फरक एवढाच की इथे उष्णता अधिक असल्याने नळ प्रसरण पावून सिमेंटला तडे पाडू शकतो. शिवाय पाणी उकळू लागते त्या टप्प्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि किटलीच्या आत बसतो तसा चुन्याचा थर नळात बसून वाट अरुंद करत जातो.

वापरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा खोल सोडणे हा या तंत्राचा अनिवार्य भाग आहे, कारण ते क्षारयुक्त पाणी ओढ्यात सोडता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकामादरम्यान विहिरीतील पाणी पुगा नाल्यात मिसळल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि हा नाला पुढे सिंधूला मिळतो.