इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स

भारतातील बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना. डॉक्टरमंडळी तिला नुसते ‘आयएपी’ म्हणतात. स्थापना 1963, मुख्यालय नवी मुंबईत, सभासद तीस हजारांहून अधिक. राज्यांत आणि शहरांत शाखा आहेत आणि खरे काम तिथेच चालते.

स्वातंत्र्याच्या सुमारास लहान मुलांचे वेगळे डॉक्टर असावेत ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस, एवढाच हिशेब. कोलकात्यात डॉ. के. सी. चौधरी यांनी आणि मुंबईत डॉ. जॉर्ज कोएल्हो यांनी ही समजूत मोडली. दोन्ही शहरांत दोन वेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. 1963 साली त्या एक झाल्या, त्यांची मासिकेही एकत्र आली आणि 1964 पासून ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ निघू लागले.

तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला शंका विचारायला शेजारी प्राध्यापक नसतो. त्याच्यापर्यंत नवे ज्ञान वापरता येईल अशा रूपात पोहोचवणे ही या संघटनेची सर्वांत मोठी कामगिरी. वाढीचा तक्ता हे त्याचे उत्तम उदाहरण. ‘आमचा मुलगा अंगाला लागतच नाही,’ अशी तक्रार घेऊन आई येते. डॉक्टर उंची-वजन घेऊन तक्त्यावर टिंब देतात, मागच्या वर्षीच्या टिंबाला जोडतात. रेषा आपल्या वाटेने वर जात असेल तर मूल बारीक दिसले तरी निरोगी असू शकते. रेषा खालच्या पट्टीत घसरली तर मात्र शोध घ्यावा लागतो. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून, मुलगा असेल तर 13 सेंटिमीटर मिळवून, मुलगी असेल तर वजा करून, तिची निम्मी केली की मुलाच्या अपेक्षित उंचीचा अंदाज येतो. हे गणित आईसमोरच कागदावर करता येते.

पण तक्ता कोणाच्या मुलांवरून बनवायचा? पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात. 5 ते 18 वर्षांसाठी अ‍ॅकॅडमीने 2015 मध्ये स्वतःचे तक्ते काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. देशभरातील 14 शहरांमधल्या 33 हजारांवर मुलामुलींची मापे त्यासाठी घेतली. गणनेतून अतिलठ्ठ मुले जाणूनबुजून वगळली, हा त्यातला मर्माचा भाग. ती ठेवली असती तर सरासरीच वर सरकली असती आणि स्थूल मूल ‘गुटगुटीत’ ठरले असते. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याच्या, तक्त्यात प्रौढांच्या 23 आणि 27 या आकड्यांशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत: पहिलीच्या वर वजन जास्त, दुसरीच्या वर लठ्ठपणा. गुटगुटीत बाळाचे कौतुक करणाऱ्या समाजाला ही रेषा दाखवणे सोपे नसते.

लसीकरणासाठी अ‍ॅकॅडमीची स्वतंत्र समिती आहे. सरकारी वेळापत्रकातील लशी तिच्या वेळापत्रकात असतातच. कांजिण्या, हिपॅटायटिस ए यांसारख्या काहींची भर असते. दवाखान्यात नेहमीचा प्रश्न असतो तो ‘पेनलेस’ लशीचा. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लशीच्या जुन्या प्रकाराने ताप येतो, पाय दुखतो. नवा ‘पेनलेस’ प्रकार सौम्य, पण डांग्या खोकल्यापासून मिळणारे संरक्षण लवकर ओसरते असे पाश्चात्त्य देशांत दिसून आले. म्हणून 2013 मध्ये समितीने पहिल्या तीन डोसांसाठी जुन्याच लशीची शिफारस केली. पुढच्या वेळापत्रकांत ती अट सैल झाली, पण पालकांना रुचणार नाही ते सांगण्याचे धैर्य त्या वेळी दाखवले गेले, याची नोंद घ्यायला हवी. पोलिओच्या लढ्यातही खासगी बालरोगतज्ज्ञ सरकारी यंत्रणेबरोबर राहिले; अचानक लुळेपणा आलेल्या प्रत्येक मुलाची खबर देणे हे त्यांचे काम होते. नैसर्गिक (लशीतून न आलेल्या) पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला.

जन्मतः न रडणाऱ्या बाळासाठी पहिले मिनिट मोलाचे असते. पुसून कोरडे करा, पाठ चोळा, तरीही श्वास नसेल तर पिशवी-मास्कने हवा द्या, हे अ‍ॅकॅडमीच्या प्रशिक्षणात बाहुलीवर हात बसेपर्यंत शिकवले जाते. डॉक्टरांइतकेच परिचारिकांनाही, कारण बाळंतपणाच्या वेळी खोलीत बहुधा त्याच असतात.

स्तनपानाबाबत अ‍ॅकॅडमीचा सल्ला स्पष्ट आहे: पहिला चीक फेकू नये, सहा महिने फक्त आईचेच दूध; पाणी, मध, गुटी काही नाही. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना 1992 च्या कायद्याने चाप लावला. 2003 च्या दुरुस्तीनंतर अशा उत्पादकांना डॉक्टरांच्या संघटनांना परिषदा, अभ्यासक्रम किंवा संशोधनासाठी पैसे देण्यासही मनाई झाली. ‘पेडिकॉन’ या अ‍ॅकॅडमीच्या वार्षिक परिषदेलाही तोच कायदा लागू आहे.